विकायच्या गाडीचा सायलेन्सर

“क्लच दाबा, हेमलताताई. क्लच... अहो, ब्रेक! ब्रेक!”

मी ओरडले, पण हेमलताताईंचा पाय कुठल्याच पॅडलवर नव्हता. त्यांची मान छातीवर पडली होती आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर नुसते ठेवलेले होते. समोर वखारीच्या कुंपणाची भिंत होती. गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं तिच्याकडे निघाली होती.

शिकवायची गाडी असल्यामुळे माझ्या बाजूलाही ब्रेक होता आणि माझा पाय त्याच्यावरच होता. तो दाबायला पाहिजे हे मला कळत होतं. कळत होतं, पण पाय हलत नव्हता. कुणीतरी दुसरीच बाई त्या सीटवर बसली आहे आणि मी तिच्याकडे लांबून बघते आहे, असं काहीसं वाटत होतं. मग धक्का बसला, दिव्याची काच फुटली आणि इंजिन आचके देऊन बंद पडलं.

हेमलताताई त्या आवाजानं जाग्या झाल्या. दार उघडून त्या बाहेर वाकल्या आणि तिथंच ओकल्या.

ही गोष्ट नव्याण्णव सालच्या डिसेंबरातली. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि सांगलीत बायकांना गाडी चालवायला शिकवत होते. ‘प्रभा मोटार ड्रायव्हिंग, फक्त महिलांसाठी’ अशी पाटी मी स्वतः रंगवून घेतली होती. माझ्या रत्नप्रभा नावातलं ‘रत्न’ पाटीवर मावलं नाही. गाडी एकच, लाल, पंधरा वर्षांची. सकाळी सात ते अकरा वखारीजवळच्या मैदानावर एकामागून एक बायका यायच्या. मैदानावर क्रिकेट खेळायला येणारी पोरं “काकू, गाडीला लगाम घाला” असलं काहीबाही ओरडायची, म्हणून आम्ही काचा वर करून बसायचो. थंडीत तर करायचोच.

हेमलता साळुंखे चव्वेचाळीस वर्षांच्या. त्यांच्या यजमानांना, वसंतरावांना, वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामासाठी मिरजेला न्यावं लागायचं. घरची गाडी दारात धूळ खात उभी होती आणि दर वेळी रिक्षावाल्याच्या मिनतवाऱ्या चालल्या होत्या. म्हणून त्या सप्टेंबरात शिकायला आल्या. पहिल्या आठवड्यात त्यांचा हात सुरेख बसला. नंतर मात्र दर तासाला त्यांना मळमळायला लागायचं. चेहरा पांढरा पडायचा, डावं-उजवं चुकायचं. मी म्हणायचे, होतं असं, भीती असते मनात.

त्यांचे दीर प्रकाशराव त्यांना स्कूटरवरून सोडायला यायचे आणि तास संपेपर्यंत बाभळीखाली उभे राहायचे. त्या दिवशी ते धावत आले. आधी वहिनींना पाणी दिलं, मग माझ्याकडे वळले.

“मी पहिल्यापासून सांगतोय, हे वहिनींचं काम नव्हे. आता तरी पटलं का?”

“चूक माझी आहे,” मी म्हणाले. “मी ब्रेक दाबायला पाहिजे होता.”

“मग का नाही दाबला?”

हेमलताताईंनी पदरानं तोंड पुसलं. “बाईंना बोलू नका. मलाच जमत नाही,” एवढंच म्हणाल्या आणि स्कूटरवर मागे बसल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ब्रेक का दाबला गेला नाही, ते मला ठाऊक होतं. निदान तेव्हा तसं वाटत होतं.

माझी आई एकेचाळीसाव्या वर्षी गेली, मेंदूतल्या गाठीनं. मी तेव्हा अकरावीत होते. तिचं सुरू झालं ते डोकेदुखीनं. मग ती नावं विसरायला लागली. चुलीपुढं बसून आपण काय करायला बसलो ते तिला आठवायचं नाही. सप्टेंबरपासून माझं डोकं दुखत होतं. कपाळावर पट्टा आवळल्यासारखं, सकाळी नऊ वाजल्यापासून. दसऱ्याच्या सुमारास मी एका विद्यार्थिनीला तासभर दुसऱ्याच नावानं हाक मारली. तिनं शेवटी हसून सांगितलं.

मिरजेच्या डॉक्टर हेरवाडेंकडे मी एकटीच जाऊन आले होते. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, आईचं सगळं विचारून घेतलं आणि डोक्याचा स्कॅन करायला चिठ्ठी दिली. तारीख पुढच्या शुक्रवारची मिळाली होती. चिठ्ठी मी गाडीत, शिकाऊ लायसन्सच्या कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात ठेवली होती. घरात ती सापडली असती.

घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. माझे यजमान बाहुबली मगदूम एका छापखान्यात बाइंडिंग करायचे. वर्षभर पगार पुढंमागं होत होता आणि माझ्या गाडीवर घर चाललं होतं. अनुजा दहावीला होती. तिला मी अभ्यासातून उठवून कडधान्याचे डबे कुठं असतात, आमटीला मीठ किती, हे दाखवायला लागले होते. ती चिडायची. “आई, परीक्षा झाल्यावर शिकते ना!” मी म्हणायचे, “आत्ताच बघून ठेव.”

भिंतीला गाडी लागली त्या दिवशी दुपारी मी ठरवलं, की आता पुरे. आज भिंत होती, उद्या माणूस असेल. क्लास बंद करायचा आणि गाडी विकायची. आलेले पैसे स्कॅनला आणि पुढं जे काही लागेल त्याला होतील. घरी सांगितलं, की कंटाळा आला. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, “तुला? गाडीचा?” मी स्वयंपाकघरात निघून गेले.

मंगळवारी तासगावचे एक गृहस्थ गाडी बघून गेले. चाकं बघितली, सीट दाबून बघितली आणि इंजिन चालू केल्यावर कानावर हात ठेवला.

“आवाज केवढा हा! सायलेन्सर चांगला बसवून द्या, मग बोलू. असल्या आवाजाची गाडी मी दारात आणणार नाही.”

त्यांचं खरं होतं. आधीचा सायलेन्सर ऑगस्टमध्ये गंजून गळून पडला होता. तेव्हा माधवनगर रस्त्याला एका वेल्डिंगवाल्यानं स्वस्तात नवीन पाइप घालून दिला होता. तो म्हणाला होता, मागंपर्यंत पाइप कशाला नेताय, मधेच सोडू, गाडीला पिकअप येईल आणि पैसेही वाचतील. मी त्यातही घासाघीस केली होती. वाचवलेल्या पैशांचं कौतुक घरी दोनदा सांगितलं होतं. तेव्हापासून गाडी ट्रॅक्टरसारखी वाजत होती. पण तेवढ्यासाठी पुन्हा खर्च कोण करणार, म्हणून मी तशीच चालवत होते.

कुपवाड रस्त्याला दस्तगीर मुजावर नावाचे एक म्हातारे कारागीर होते. फक्त सायलेन्सरचं काम करायचे. बुधवारी सकाळी अकराला मी गाडी त्यांच्या शेडमध्ये नेली. त्यांचा चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला होता. गाडी आत येतानाच त्यांनी मान तिरकी करून आवाज ऐकला.

“चाचा, ही विकायची आहे,” मी सांगितलं. “फार काही करू नका. आवाज कमी होईल एवढंच. कमीत कमी खर्चात.”

“बघूया तरी आधी. गाडी खड्ड्यावर घ्या.”

शेडच्या मधोमध जमिनीत खड्डा होता. त्यावर गाडी घेतली आणि चाचा पायऱ्या उतरून खाली गेले. वर मी सीटवर बसून होते. डोकं ठणकत होतं.

“ताई, इंजिन चालू करा. रेस नको, नुसतं चालू ठेवा.”

मी चालू केलं. खालून त्यांनी पाइपाच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा दाबून धरला असावा, कारण इंजिनाचा आवाज एकदम दबला. आणि मग माझ्या पायाखालून, अगदी टाचेजवळून, सापानं फुत्कारावं तसा आवाज यायला लागला. मी पाय वर घेतले.

“बंद करा!” खालून हाक आली. “ताई, गाडी बंद करा आधी. आणि बाहेर या. आत बसू नका.”

चाचा खड्ड्यातून वर आले ते हात न पुसताच. त्यांनी गाडीची दारं उघडली, मागची झडपही उघडली. मला वाटलं, काहीतरी पेटलं की काय. माझ्या सीटखालची चटई त्यांनी उचलून फेकली. मग ते सरळ उभे राहिले, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

“ताई, एक विचारू का? रागवू नका.”

“विचारा ना.”

“तुमचं डोकं दुखतंय का हो?”

मी कपाळावरचा हात खाली घेतला.

“म्हंजे रोजचं. कपाळावर. मळमळल्यागत होतंय, झापड येतीया. बोलताना शबूद सापडत न्हाई. हाय का असं?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“ह्यानं सांगितलं,” त्यांनी गाडीच्या तळाकडे बोट केलं. “हिकडं या. वाका जरा.”

चटईखाली पत्रा गंजून दोन बोटं जातील एवढं भोक पडलं होतं. भोकाच्या कडा काळ्या कुळकुळीत होत्या. चाचांनी सीटच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढं धरलं. ते काजळात बुडवल्यासारखं झालं होतं.

“पायप मधेच सोडलाय बघा, बरोबर तुमच्या बुडाखाली. त्यातनं वरचा जोड तडकलाय. सगळा धूर ह्या भोकातनं आत. काचा लावून बसता का?”

“हो.”

“किती वेळ?”

“चार तास. कधी पाच. मैदानावर, हळूहळू.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. “या अल्ला. ताई, वास येतोय तो धूर येगळा. ज्यानं माणूस जातंय त्या वायूला वासच नसतोय. माझा थोरला भाऊ तसाच गेला. थंडीचे दिवस, शेडचं दार लावून गाडीचं काम करत बसला हुता. आम्हाला वाटलं, झोपलाय.” त्यांनी बोटावरचं काजळ फडक्याला पुसलं. “सुट्टीच्या दिवशी दुखतंय का डोकं?”

मी आठवायला लागले. रविवारी क्लास नसायचा. रविवारी मी धुणं काढायचे, पापड लाटायचे, अनुजाचे केस धुवायचे. रविवारी डोकं दुखल्याचं एकदाही आठवेना. दिवाळीत चार दिवस भावाकडे कुरुंदवाडला गेले होते, तेव्हा तर पहाटे उठून मी अंगणभर रांगोळी काढली होती. मला वाटलं होतं, माहेरी आल्यामुळे बरं वाटतंय.

“न्हाई ना दुखत?” चाचा म्हणाले.

“नाही.”

“मग झालं तर. आता मोकळ्या हवेत बसा. दोन-चार दिवसांत उतरंल.”

शेडच्या दाराशी एक जुना टायर पडला होता. मी त्यावर बसले आणि रडायला लागले. तीन महिन्यांत मी रडले नव्हते. एकदा सुरू झाल्यावर थांबवताच येईना. हुंदके आणि हसू एकदमच येत होतं. रस्त्यावरून सायकलवाले वळून बघत होते.

चाचांची अगदी तारांबळ उडाली. त्यांनी माठातलं पाणी आणून दिलं. “रडू नका ओ ताई. खर्च काय एवढा न्हाई यायचा. जमवूया आपण. हप्त्यानं द्या वाटल्यास.”

त्यावर मला आणखी हसू आलं. मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. आईचं, चिठ्ठीचं, स्कॅनचं, हेमलताताईंचं आणि भिंतीचं. ज्या गोष्टी नवऱ्याला सांगितल्या नव्हत्या, त्या मी एका अनोळखी म्हाताऱ्यापुढं टायरवर बसून सांगितल्या. ते उकिडवे बसून ऐकत राहिले.

“डाक्टरला भेटा तरी,” शेवटी म्हणाले. “मी काय पायपाचा डाक्टर. पण माझा जीव सांगतोय, तुमाला काय झालेलं न्हाई.” मग उठून ते गाडीकडे गेले. “आता हिचं काय करायचं बोला. नुसता आवाज मारायचा असंल तर डब्यात जाळी भरून दीडशात करून देतो. घेणाऱ्याला कळणार बी न्हाई. पण मग त्यो मरंल.”

“विकायची नाही,” मी म्हणाले. तोंडातून शब्द गेला तेव्हाच मला कळलं, की मी ठरवलं आहे.

“मग नीट करूया. जवळ किती हाय?”

मी पर्समधले सहाशे रुपये दाखवले. त्यांनी ते मोजलेही नाहीत. कोपऱ्यात एका अपघातातल्या गाडीचे सुटे भाग रचून ठेवले होते. त्यातून एक सायलेन्सरचा डबा त्यांनी ओढून काढला, हलवून बघितला, हातोडीनं चारी बाजूंनी ठोकून बघितला. आत काही खुळखुळलं नाही.

“ह्यो वर्षभर चाललेला हाय, अजून पाच वर्षं चालंल. डब्यावर नव्यानं पैसं घालायची गरज न्हाई. पैसं घालायचं पायपावर आन् जोडावर. जेवढे जोड कमी तेवढी भीती कमी. इंजिनापासनं एकच पायप वाकवून मागं बंपरच्या भायेर काढतो. जोडातलं गॅस्केट नवं. आन् तळाला पत्रा.”

“माझं काही काम असेल तर सांगा,” मी म्हणाले. मला घरी जावंसंच वाटत नव्हतं.

त्यांनी मला पॉलिश पेपर दिला. पुढचे तीन तास मी उन्हात बसून गाडीच्या तळाच्या पत्र्याचा गंज घासत होते. आत चाचा पाइप वाकवत होते. एक इंच वाकवायचा, गाडीखाली जाऊन लावून बघायचा, पुन्हा बाहेर आणायचा. वेल्डिंग झाल्यावर त्यांनी पुन्हा ओला बोळा दाबून इंजिन चालू करायला लावलं. ह्या वेळी पायाखालून काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी उदबत्ती पेटवली आणि आत पत्र्याच्या प्रत्येक सांध्याजवळ धरली. धुराची रेघ सरळ वर जात राहिली. एकदाही हलली नाही.

“ऐका,” ते म्हणाले. इंजिन चालू होतं आणि बाहेर झाडावर साळुंक्या भांडत होत्या. त्या ऐकू येत होत्या.

घरी पोचले तेव्हा हे जेवून ताट घासत होते. अनुजा शाळेत होती. मी दारातूनच सांगायला सुरुवात केली, चप्पल न काढता. बोलता बोलता गाडीतून आणलेली ती चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. बाइंडिंगच्या कामानं त्यांची बोटं सरसानं कायम ताठ झालेली असायची. त्या बोटांतून चिठ्ठी निसटली. ती त्यांनी वाकून उचलली आणि परत माझ्या हातात दिली.

“कधीची तारीख?”

“परवाची. पण अहो, आता...”

“पंधरा दिवस तुला माहीत होतं? आणि तू एकटी...” ते उठले, परसात गेले. बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आले. “पुन्हा असं काही माझ्यापासून लपवलंस ना प्रभा, तर...” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पण त्यांनी भर दुपारी, दार उघडं असताना असं कधी केलं नव्हतं.

शुक्रवारी आम्ही दोघं मिरजेला गेलो, बसनं. दोन दिवस मी गाडीत बसले नव्हते आणि दोन दिवस कपाळावरचा पट्टा ढिला होत गेला होता. डॉक्टर हेरवाडेंनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

“तुम्ही दिवसभर काय काम करता, हे मी विचारलंच नाही,” ते म्हणाले. “बाई आहे म्हटल्यावर घरातच असणार असं धरून चाललो.” त्यांनी रक्त तपासायला दिलं, पुन्हा बॅटरी मारली, हातोडी मारली. “स्कॅन रद्द नको करायला. दहा दिवस पुढं ढकलू. तोवर डोकं दुखलं तर करायचा. नाही दुखलं, तर मला फोन करून तेवढं सांगा.”

दहाव्या दिवशी मी फोन केला. ते फोनवर हसले.

पण मला सांगायचं आहे ते ह्या मधल्या दिवसांतलं. मला जेवढा धूर मिळाला, तेवढाच माझ्या शेजारी बसणाऱ्या बायकांनाही मिळाला होता. तासाभराचा का होईना. ऑगस्टपासून एकोणीस बायका होत्या. मी वहीतून पत्ते काढले आणि एकेकीच्या घरी गेले. सगळ्यांत आधी हेमलताताईंच्या.

त्यांच्या पुढच्या खोलीत खाटेवर वसंतराव उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता. प्रकाशराव दारातच उभे राहिले. हेमलताताई आतून आल्या आणि मला बघून संकोचल्या.

“बाई, पैसे परत द्यायला आला असाल तर नको. तुमची दिव्याची काच फुटली.”

“मी माफी मागायला आले आहे,” मी म्हणाले, आणि जे घडलं ते क्रमानं सांगितलं. स्वस्तातला पाइप मीच घातला होता, हेही सांगितलं.

प्रकाशरावांचा आवाज चढला. “म्हणजे तीन महिने तुम्ही वहिनींना विष हुंगायला लावत होता?”

“हो,” मी म्हणाले. “मला माहीत नव्हतं. पण झालं तेच.”

“ह्याची तक्रार केली पाहिजे...”

“भाऊजी, थांबा जरा,” हेमलताताई म्हणाल्या. त्या माझ्यासमोर पाटावर बसल्या. त्यांचा चेहरा मला वाचता येत नव्हता. “बाई, मला पुन्हा एकदा सांगा. मला मळमळायचं, हात बधिर व्हायचे, मान पडायची, ते सगळं त्या धुरानं?”

“हो.”

“माझ्यात काही नाही?”

“तुमच्यात काही नाही. पहिल्या आठवड्यात तुम्ही माझ्या सगळ्यांत चांगल्या विद्यार्थिनी होतात.”

त्यांनी दोन्ही तळहात समोर धरले आणि बोटं उघडली, मिटली. मग एकदम त्यांचा बांध फुटला.

“मला वाटलं, मलाही ह्यांच्यासारखंच होणार. ह्यांचंही हात बधिर होण्यापासूनच सुरू झालं होतं. मी पडले तर ह्यांना कोण उचलणार, कोण भरवणार, म्हणून मी मागच्या आठवड्यात सोलापूरला बहिणीला पत्र लिहिलं. तुझ्याकडे ठेवून घेशील का म्हणून. कुणाला सांगितलं नाही. टाकलं पोस्टात.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. रोज सकाळी एक तास आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून त्या गाडीत बसत होतो, काचा लावून. मी तिला गिअर सांगत होते आणि मनात डाळीच्या डब्यांचा विचार करत होते. ती गिअर टाकत होती आणि मनात बहिणीला पत्र लिहीत होती. दोघींनी एकमेकींना चकार शब्द सांगितला नव्हता. एकीनं जरी सांगितलं असतं, तरी दुसरी म्हणाली असती, अगं, माझंही असंच होतंय.

मी तिला ते सांगितलं. पहिल्यांदाच ‘अगं’ म्हटलं गेलं, आणि ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

प्रकाशराव दारातून आत आले आणि खुर्चीवर बसले. “वहिनी, मला तरी सांगायचं,” ते हळू आवाजात म्हणाले.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. वसंतरावांना बोलायला फार कष्ट पडायचे. त्यांनी डावा हात वर केला, ओठ जुळवले, पुन्हा जुळवले.

“उ... द्या,” ते म्हणाले.

“काय उद्या?” प्रकाशरावांनी विचारलं.

वसंतरावांनी डाव्या हातानं हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवलं.

उद्या काही लगेच शक्य नव्हतं. आठ दिवस तिला विश्रांती घ्यायला लावली. प्रकाशराव आधी स्वतः दस्तगीरचाचांकडे जाऊन आले, गाडी खड्ड्यावर घेऊन खालून बघून आले, मगच वहिनींना मैदानावर सोडलं. आम्ही काचा खाली करून बसायला लागलो. पोरं ओरडली तर हेमलता हॉर्न वाजवायची. एकोणीसपैकी दोघी परत आल्या नाहीत आणि त्याचा मला राग आला नाही. एकीच्या सासूनं मला दारातूनच परत लावलं. तेही रास्त होतं.

मार्चमध्ये हेमलताला लायसन्स मिळालं. एका शनिवारी सकाळी ती तिची स्वतःची गाडी घेऊन माझ्या दारात आली. मागे वसंतराव इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

“चल ना मिरजेपर्यंत. पहिल्यांदाच नेतेय ह्यांना. तू नुसती शेजारी बस.”

ह्या गाडीला माझ्या बाजूला ब्रेक नव्हता. सवयीनं माझा पाय शोधत राहिला आणि मग त्यानं शोधणं सोडून दिलं. ती छान चालवत होती. ट्रक समोर आला की खांदे आक्रसून घ्यायची, पण गाडी सरळ ठेवायची. ऊन चढलं नव्हतं, खिडकीतून वारा येत होता, मागे वसंतराव रस्त्यावरच्या पाट्या अडखळत मोठ्यानं वाचत होते. तो त्यांचा व्यायामच होता. वानलेसवाडीची पाटी त्यांनी पूर्ण वाचली, एवढं मी ऐकलं.

त्यानंतरचं मला ऐकू आलं ते म्हणजे, “प्रभा! प्रभा, ऊठ! अगं, ऊठ ना!”

गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिची सगळी दारं सताड उघडी होती. हेमलता माझ्या दोन्ही दंडांना धरून गदागदा हलवत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“मलाच काय विचारतेस? तुझी मान पडली! डोकं दुखतंय का? मळमळतंय?”

मी जरा अंदाज घेतला. डोकं हलकं होतं, डोळे निवले होते, तोंडाला मघाच्या चहाची चव होती. “नाही गं,” मी म्हणाले. “झोप लागली. नुसती झोप.”

तिनं माझे दंड सोडले आणि रस्त्याच्या कडेला गवतातच बसली. मागच्या सीटवर वसंतराव हसायला लागले. त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसायची, पण त्या दिवशी त्यांचं पोटही हलत होतं.

“अगं, शिकवणारी बाई झोपते कशी?” हेमलता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“तू चांगली चालवतेस म्हणून झोपले.”

तिनं उठून साडी झटकली, एकेक दार लावलं, परत येऊन स्टिअरिंगवर बसली. आरसा नीट केला. किल्ली फिरवली.

“मग झोप की,” ती म्हणाली. “मिरज आली की उठवते.”